खोडलेली प्लेट: कर्करोग-जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील एका पदवी विद्यार्थिनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

जीवशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी विद्यापीठातील कर्करोग-जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत वर्षभराचा संशोधन प्रकल्प करत होती. प्रयोगशाळेत मार्गदर्शक प्राध्यापिका, एक तंत्रसहायक, पीएच.डी. करणारे चार संशोधक आणि ती, असे सात जण होते. तिला रोजचे काम शिकवण्याची जबाबदारी चौघांपैकी सर्वांत ज्येष्ठ संशोधकावर होती आणि तिचा प्रकल्पही त्याच्याच प्रबंधातील एका प्रकरणाला जोडलेला होता. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे वगळले आहेत. घटनांचा क्रम मात्र प्रयोगवहीतील नोंदींप्रमाणेच ठेवला आहे.

प्रकल्पाचा विषय जेमसायटाबीन या औषधाला होणारा प्रतिरोध हा होता. स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळालेल्या या औषधाची रचना सायटिडीनशी मिळतीजुळती असते, त्यामुळे पेशी ते सहज आत घेते. मग डीऑक्सिसायटिडीन कायनेज हे एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडते आणि औषध डीएनएच्या साखळीत शिरून तिची वाढ रोखते. सायटिडीन डिअॅमिनेज हे दुसरे एन्झाइम नेमके उलटे काम करते: औषधाचा अमाइन गट काढून त्याला निकामी करते. त्यामुळे प्रतिरोधी झालेल्या पेशीत पहिले एन्झाइम घटले आहे का किंवा दुसरे वाढले आहे का, हे आधी तपासले जाते.

ज्येष्ठ संशोधकाने मिया पाका-२ ही सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवता येणाऱ्या पेशींचा वंश) घेऊन, मीडियममधील, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यातील, औषधाची मात्रा काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने वाढवत, तिच्यापासून एक प्रतिरोधी उपशाखा तयार केली होती. १९७५ मध्ये एका रुग्णाच्या स्वादुपिंडातील गाठीपासून तयार झालेली ही सेल लाइन या क्षेत्रात सर्रास वापरली जाते. मूळ पेशी आणि प्रतिरोधी पेशी यांची तुलना करून प्रतिरोधाचे कारण शोधणे, एवढा भाग विद्यार्थिनीकडे आला.

समस्या

पहिले चार महिने काम सुरळीत चालले. मोजमापाची पद्धत ठरलेली होती. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये पेशी लावायच्या, डावीकडून उजवीकडे औषधाची मात्रा वाढवत न्यायची, ७२ तासांनी एमटीटी हे पिवळे द्रव्य घालायचे आणि जिवंत पेशींनी त्याचे जांभळे स्फटिक केले की ते डीएमएसओमध्ये विरघळवून ५७० नॅनोमीटरवर रंगाची तीव्रता मोजायची. मूळ पेशींच्या ओळीत जांभळा रंग चौथ्या-पाचव्या रकान्यात फिका पडू लागे, तर प्रतिरोधी पेशींच्या ओळीत तो जवळजवळ शेवटपर्यंत टिकत असे. आलेख काढण्याआधीच, प्लेट प्रकाशासमोर धरली तरी फरक दिसत होता.

कारण शोधताना मात्र गाडी अडली. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी वापरून त्याचे प्रमाण पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) डीऑक्सिसायटिडीन कायनेजची पट्टी दोन्ही पेशींमध्ये सारखीच आली. मार्गदर्शकांच्या सूचनेवरून तिने प्रतिरोधी पेशींना औषधासोबत टेट्राहायड्रोयुरिडीन दिले. हे द्रव्य सायटिडीन डिअॅमिनेजला रोखते आणि ते देताच पेशी पुन्हा औषधाला बळी पडू लागल्या. याचा अर्थ औषध डिअॅमिनेजमुळेच निकामी होत होते. प्रयोगशाळेत आनंद झाला, पोस्टरचे शीर्षकही ठरले. पण त्या एन्झाइमसाठी ब्लॉट केला तेव्हा त्याचेही प्रमाण वाढलेले दिसले नाही. अँटिबॉडी चांगली नसावी असे समजून नवीन अँटिबॉडी मागवण्यात आली.

विद्यार्थी संशोधन सत्राला साधारण पाच आठवडे उरले असताना, एका जोडसुट्टीनंतर तिच्या फ्लास्कमधील प्रतिरोधी पेशी अतिदाट होऊन तळापासून सुटलेल्या आढळल्या. ज्येष्ठ संशोधकाच्या परवानगीने तिने लिक्विड नायट्रोजनच्या टाकीतून त्याच उपशाखेची एक जुनी व्हायल (गोठवलेल्या पेशींची कुपी) काढून वाढवली आणि तिच्यावर नेहमीप्रमाणे प्लेट लावली. तिसऱ्या दिवशी प्लेट पाहिली तर जांभळा रंग पाचव्या रकान्यातच विरून गेला होता. प्रतिरोध जवळपास नव्हताच.

तिने ज्येष्ठ संशोधकाला प्लेट दाखवली. त्याने लगेच सांगितले की टाकीतून चुकून मूळ पेशींची व्हायल काढली गेली असेल, नव्या हातांकडून असे होते. त्याच्या स्वतःच्या फ्लास्कमधून पेशी घेऊन पुन्हा प्लेट लावावी. तिने तसे केले आणि अपेक्षित उत्तर मिळाले. प्रयोगवहीत जुन्या व्हायलच्या आकड्यांवर तिने तिरकी रेघ मारली आणि शेजारी लिहिले, ‘चुकीची व्हायल?’ ते प्रश्नचिन्ह मला या सगळ्या प्रकरणात महत्त्वाचे वाटते, कारण पुढे पोस्टरच्या मसुद्यात आकडे भरताना ती प्लेट वगळली गेली तेव्हा ते कुठेच उरले नव्हते.

सत्राला तीन आठवडे असताना आलेखांसाठी तिने सर्व मूळ नोंदी एकत्र मांडल्या. आतापर्यंत प्रत्येक प्रयोगानंतर ती फक्त एकच आकडा तक्त्यात भरत असे: वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा प्रतिरोधी पेशींमध्ये मूळ पेशींच्या किती पट आहे, तो. हे गुणोत्तर शेवटच्या दीड महिन्यात हळूहळू कमी होत असल्याचे तिच्या लक्षात आले होते आणि प्रतिरोध ओसरत असावा असा तिचा समज होता. मूळ आकडे शेजारी-शेजारी ठेवल्यावर वेगळेच दिसले. प्रतिरोधी पेशी होत्या तिथेच होत्या. बदलत होत्या त्या कधीही औषधाच्या संपर्कात न ठेवलेल्या मूळ पेशी. त्यांना मारण्यासाठी दर आठवड्याला थोडे जास्त औषध लागत होते.

समोरचे पर्याय

इथून पुढचे नऊ दिवस ती गप्प राहिली. नंतर झालेल्या चर्चेत तिने या नऊ दिवसांत काय काय मनात आले ते मोकळेपणाने सांगितले, म्हणून ते इथे मांडता येते.

पहिला पर्याय ठरल्याप्रमाणे पोस्टर मांडण्याचा होता. वगळलेल्या प्लेटचे कारण प्रयोगवहीत लिहिलेले होते, ज्येष्ठ संशोधकाचा त्याला दुजोरा होता आणि मूळ पेशींमधला बदल गुणोत्तराच्या आलेखात कोणाला जाणवलाही नसता. दुसरा पर्याय त्या प्लेटचा उल्लेख तळटीपेत करण्याचा होता. तो प्रामाणिक वाटत असला तरी त्यामुळे प्रश्न सुटत नव्हता, फक्त पोस्टर वाचणाऱ्याच्या गळ्यात पडत होता. तिसरा, सत्रातून नाव मागे घेण्याचा. पण त्यासाठी मार्गदर्शकांना कारण सांगावे लागले असते आणि ‘माझ्या मूळ पेशी बिघडल्या’ यापलीकडे सांगण्यासारखे तिच्याकडे काही नव्हते. तिच्या मते बिघाड तिच्याच हातून झाला होता.

चौथा पर्याय, म्हणजे पेशींमध्ये मायकोप्लाझ्मा आहे का हे तपासणे, तिला सुचलाच नव्हता. हा अत्यंत लहान जीवाणू पेशीसंवर्धनात शिरला तरी मीडियम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही आणि पेशी मरतही नाहीत; त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे मीडियममध्ये नेहमी घातले जाणारे पेनिसिलिन त्याचे काहीच करू शकत नाही. हेला या प्रसिद्ध, जुन्या सेल लाइनमध्ये तो १९५६ मध्येच आढळला होता आणि जगभरातील सेल लाइनपैकी १५ ते ३५ टक्के लाइन कधी ना कधी त्याने दूषित झालेल्या असाव्यात असा अंदाज वारंवार दिला जातो. हे सारे तिने पहिल्या वर्षी परीक्षेसाठी वाचले होते. मात्र प्रयोगशाळेत येणाऱ्या नवख्याला दूषित संवर्धन म्हणजे गढूळ, पिवळे पडलेले, तरंगती बुरशी असलेले फ्लास्क एवढेच दाखवले जाते, आणि तिचे फ्लास्क तर दिसायला उत्तम होते.

केलेली कार्यवाही

दहाव्या दिवशी ती तंत्रसहायकांकडे गेली, तीही मूळ पेशींची नवी व्हायल मागण्यासाठी. कशाला हवी, असे त्यांनी विचारले तेव्हा तिने आकड्यांचा कागद पुढे केला. कागद पाहून त्यांनी एवढेच म्हटले, “दोन दिवस मीडियम न बदललेल्या फ्लास्कमधले वरचे पाणी मला दे. प्रत्येक फ्लास्कचे वेगळे. उद्या पीसीआर लावतो.” पीसीआर ही चाचणी नमुन्यात मायकोप्लाझ्माचा डीएनए असेल तर तो वाढवून दाखवते. तिने चार नळ्या दिल्या: ज्येष्ठ संशोधकाच्या प्रतिरोधी पेशी, तिच्या मूळ पेशी, जुन्या व्हायलपासून वाढवलेल्या पेशी (त्यांचा फ्लास्क तिने टाकून दिलेला नव्हता, हे नशीब) आणि न वापरलेले ताजे मीडियम.

दुसऱ्या दिवशी जेलवर पहिल्या नळीच्या रकान्यात ठळक पट्टी होती, दुसऱ्यात फिकट पण स्पष्ट, तिसऱ्यात काही नाही, चौथ्यात काही नाही. तंत्रसहायकांनी डीएनएला चिकटून निळ्या चमकणाऱ्या हॉएश्ट रंगानेही खात्री करून घेतली. स्वच्छ पेशींत फक्त गोल केंद्रके निळी चमकतात. प्रतिरोधी पेशींत केंद्रकांभोवती, सगळ्या पेशीभर, बारीक निळे ठिपके पसरले होते.

त्याच दुपारी दोघे मार्गदर्शकांकडे गेले. इथे मार्गदर्शकांनी घेतलेले दोन निर्णय नोंदवायला हवेत. पहिला असा की ज्येष्ठ संशोधकाला त्यांनी लगेच, पण एकट्याला बोलावून सांगितले. गटाच्या बैठकीत सर्वांसमोर त्याला हे कळू दिले नाही. दुसरा असा की त्याच संध्याकाळी शेजारच्या ज्या दोन प्रयोगशाळा तोच इनक्युबेटर वापरत होत्या त्यांना त्यांनी लेखी कळवले. हा दुसरा निर्णय सोपा नव्हता. खात्री झाल्यावर कळवू, असे म्हणून महिना काढता आला असता आणि तेवढ्यात दूषित झालेल्या पेशी आणखी कुठे कुठे गेल्या असत्या.

त्यानंतर दूषित फ्लास्क नष्ट करण्यात आले, उघडलेल्या मीडियमच्या बाटल्या टाकून दिल्या गेल्या आणि इनक्युबेटर रिकामा करून निर्जंतुक करण्यात आला. मायकोप्लाझ्माविरुद्ध काम करणारी खास प्रतिजैविके देऊन प्रतिरोधी पेशी वाचवाव्यात, अशी ज्येष्ठ संशोधकाची इच्छा होती. हे शक्य असते, पण त्याला काही आठवडे लागतात, यशाची हमी नसते आणि उपचारातून बाहेर पडलेल्या पेशी पूर्वीसारख्याच आहेत का हा प्रश्न उरतोच. टाकीत स्वच्छ व्हायल असताना तो मार्ग धरू नये, असे ठरले.

व्हायल खरोखर चुकीची होती का, हा प्रश्न तेवढा बाकी होता. मूळ पेशी आणि प्रतिरोधी उपशाखा यांचे जनुकीय ठसे सारखेच असल्यामुळे एसटीआर चाचणीने त्याचे थेट उत्तर मिळणार नव्हते. ती केली गेली ती दुसऱ्याच एखाद्या सेल लाइनची भेसळ नाही ना हे पाहण्यासाठी, आणि भेसळ नव्हती. उत्तर मिळाले ते टाकीच्या नोंदवहीतून आणि उरलेल्या व्हायलींमधून. ज्येष्ठ संशोधकाने प्रतिरोधी पेशी वेगवेगळ्या पॅसेजला (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटून वाढवण्याच्या प्रत्येक फेरीला पॅसेज म्हणतात) गोठवून ठेवल्या होत्या. आठव्या पॅसेजच्या सगळ्या व्हायल स्वच्छ होत्या आणि सतराव्या पॅसेजच्या सगळ्या दूषित. विद्यार्थिनीने काढलेली व्हायल आठव्या पॅसेजची होती, लेबल बरोबर होते, आणि त्याच पॅसेजच्या दुसऱ्या व्हायलनेही तिच्या खोडलेल्या प्लेटसारखेच उत्तर दिले.

निष्पत्ती

मग कोडे उलगडले. मायकोप्लाझ्माच्या काही प्रजातींकडे स्वतःचे सायटिडीन डिअॅमिनेज असते. मीडियममध्ये घातलेले जेमसायटाबीन कर्कपेशींपर्यंत पुरेसे पोहोचण्याआधीच जीवाणू त्याला निकामी करत होते. टेट्राहायड्रोयुरिडीनने ते एन्झाइमही रोखले गेले, म्हणून औषधाचा परिणाम परत आला. ब्लॉटमधील अँटिबॉडी मात्र मानवी एन्झाइमसाठी होती, त्यामुळे जीवाणूचे एन्झाइम तिला दिसणे शक्यच नव्हते. अँटिबॉडी पहिल्यापासून चांगली होती. मूळ पेशींची संवेदनशीलता घटत गेली ती त्याच हूडमध्ये (पेशी हाताळण्याच्या निर्जंतुक कपाटात), बहुधा त्याच बाटलीतील मीडियममधून, संसर्ग त्यांच्यापर्यंत पोहोचल्यामुळे.

ज्येष्ठ संशोधकाच्या जुन्या नोंदींत आणखी एक गोष्ट सापडली. बाराव्या पॅसेजच्या सुमारास पेशी औषधाची वाढीव मात्रा एकाएकी पूर्वीच्या निम्म्या वेळात पचवू लागल्या होत्या. त्याने शेजारी ‘उत्तम!’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात तेव्हापासून पेशींवर औषधाचा दाबच उरला नव्हता, कारण फ्लास्कमध्ये औषध टिकत नव्हते. साधारण त्याच काळात दुसऱ्या ठिकाणाहून आलेली एक सेल लाइन त्या इनक्युबेटरमध्ये ठेवली गेली होती. संसर्ग तिच्यातूनच आला, हे सिद्ध करता आले नाही.

प्रबंधातील त्या प्रकरणाचा मोठा भाग रद्द झाला आणि ज्येष्ठ संशोधकाचे वेळापत्रक काही महिने पुढे गेले. विद्यार्थिनीने सत्रात पोस्टर मांडले, पण शीर्षक बदलून: प्रतिरोध कुठून आला असे वाटले आणि तो खरा कुठून आला, याविषयी. त्यात खोडलेली प्लेट मध्यभागी होती. परीक्षकांपैकी एकाने तिला विचारले की हा शोध आहे की चूक. तिला पटकन उत्तर देता आले नाही. खरे तर उत्तर अगदीच अवघड नव्हते: २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, संवर्धनातील मायकोप्लाझ्मामुळे जेमसायटाबीन निकामी होताना दिसल्यावर संशोधकांनी तोच प्रश्न रुग्णांच्या गाठींना विचारला आणि तपासलेल्या ११३ गाठींपैकी ८६ गाठींमध्ये त्यांना जीवाणू आढळले. तिच्या प्रयोगशाळेकडे असे काम करण्याची साधने नव्हती आणि तसा आवही कोणी आणला नाही.

दोघांमधील संबंध काही काळ ताणलेले राहिले. ज्येष्ठ संशोधकाने तिच्यावर उघड दोष कधीच ठेवला नाही. पण आपला फ्लास्क दूषित निघाला ही बातमी आपल्याआधी तिला आणि तंत्रसहायकांना कळली, हे त्याला लागले होते.

वेगळे काय करता आले असते

पेशी विद्यार्थिनीच्या हाती दिल्या त्या दिवशी त्यांची तपासणी झाली असती तर पाच महिने वाचले असते, हे उघड आहे आणि त्यावर जास्त लिहिण्याची गरज नाही. पीसीआरचा खर्च एका अँटिबॉडीच्या मानाने किरकोळ असतो.

प्लेट वगळण्याचा निर्णय अधिक विचार करण्याजोगा आहे. नंतर गटाच्या बैठकीत ‘कोणताही आकडा कधीच वगळायचा नाही’ असा नियम करावा, अशी सूचना आली. मला ती पटत नाही. पिपेट अडकले, इनक्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड संपला, खाचांत बुडबुडे राहिले, तर प्लेट वगळणेच योग्य असते. या प्लेटबाबत मात्र वगळण्याचे कारण कोणी पाहिलेले नव्हते. ते प्लेट लावणारा हात नवखा आहे यावरून गृहीत धरले गेले. हीच प्लेट ज्येष्ठ संशोधकाने लावली असती तर त्याने टाकीची नोंदवही उघडून व्हायलचा क्रमांक पडताळला असता. ते दहा मिनिटांचे काम होते. आणि तीच प्लेट तिने अपेक्षित उत्तरासह आणली असती, तर व्हायल बरोबर होती का असे तिला कोणी विचारले नसते. जे आकडे मनासारखे येतात त्यांची झडती कमी होते, ही सवय ज्येष्ठ-कनिष्ठ सर्वांनाच असते. कनिष्ठाच्या बाबतीत तिला ‘शिकतेय अजून’ या समजुतीची जोड मिळते.

तिच्या नऊ दिवसांच्या मौनाबद्दल मार्गदर्शकांनी तिला विचारले होते. तिचे उत्तर असे होते: “मॅडम, मला वाटलं मीच काहीतरी बिघडवलं. तुमच्यापर्यंत ते आणण्याआधी दुरुस्त करायचं होतं.” मार्गदर्शकांशी तिची भेट महिन्यातून एकदा, ज्येष्ठ संशोधकाच्या उपस्थितीत होत असे आणि त्या भेटीत तयार आलेखच दाखवले जात. ही व्यवस्था नंतर बदलण्यात आली. आता पदवीचे विद्यार्थी पंधरा दिवसांतून एकदा एकटे भेटतात, आलेख न घेता फक्त प्रयोगवही घेऊन, आणि खोडलेल्या पानांपासून सुरुवात होते. गुणोत्तराबरोबर दोन्ही मूळ आकडे तक्त्यात भरण्याची सक्तीही तेव्हापासूनच आहे.

बाहेरून येणारी प्रत्येक सेल लाइन चाचणी होईपर्यंत वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवली जाते आणि दर महिन्याला सर्व फ्लास्कची पीसीआर होते. एका निर्णयाबाबत मात्र अजूनही मतभेद आहेत. रोजच्या मीडियममधून प्रतिजैविके काढून टाकावीत, असा आग्रह तंत्रसहायकांनी धरला. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनच्या आधारामुळे हूडमधील ढिसाळपणा झाकला जातो आणि नेमका मायकोप्लाझ्माच तेवढा निसटतो, हे त्यांचे म्हणणे. मार्गदर्शकांनी तीन महिने तसे करून पाहायला संमती दिली. पहिल्या महिन्यातच तीन फ्लास्क साध्या जीवाणूंनी गढूळ झाले. त्यांतला एक विद्यार्थिनीचा होता, दोन ज्येष्ठ संशोधकाचे.